टाकीचं झाकण

"हा डबा भरलेला नाही," वसंत म्हणाला.

"भरा है, भिया. तुम घूरते हो तो डरके सिकुड़ जाता है," बनेसिंग म्हणाला, आणि डबा त्यानं पोकलेनच्या टाकीत उपडा केला.

वसंत मराठीत बोले, बनेसिंग हिंदीत उत्तर देई, आणि त्यामुळे दोघांचं भांडण कधी अडलं नाही. सकाळचे सात वाजले होते. एप्रिलचं ऊन तेवढ्यातच कानशिलाला लागत होतं. बरडखेडीची काळी माती अशी तडकली होती की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जाई. गहू निघून गेला होता, खुंटं जाळून रानं काळी झाली होती, आणि त्या काळ्या रानाच्या मधोमध पिवळी पोकलेन नव्या रस्त्याच्या कडेचा नाला खणत होती. जिथं खणत होती ते रान मागच्या वर्षापर्यंत वसंताचंच होतं.

वसंतानं रिकामा डबा उचलून हलवला, वास घेतला, तळाशी बोट फिरवून ते बोट उन्हात धरलं. मग खिशातली वही काढली आणि 'डिझेल पाहिलं' असं छापलेलं होतं तिथं बरोबरची खूण केली.

वसंत पाग्याचा स्वभावच तसा. पूर्वज शिंदे सरकारच्या पागेवर होते, घोड्याच्या तोंडात हात घालून वय बघायचे. याला घोडे राहिले नाहीत म्हणून तो माणसांची तपासणी करी. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी सांगितलेल्या वयावर याचा विश्वास बसेना. हा बहाद्दर देवासला तिच्या शाळेत जाऊन रजिस्टर बघून आला. वय बरोबर निघालं. बायको रजनी ही गोष्ट अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत हसत सांगते आणि हा बाजूला बसून म्हणतो, "बघितलं म्हणून तर शंका गेली ना."

सिंहस्थाच्या आधी रस्ता रुंद करायचा निघाला आणि वसंताची उरलीसुरली जमीन त्यात गेली. मोबदल्यात बहिणींचे हिस्से होते, ते ज्याचे त्याला गेले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एका माणसाला जड मशिनींच्या दुरुस्तीचं शिक्षण मोफत, पास झाल्यावर रस्त्याच्या कंपनीत काम, असं कागदावर होतं. बाकीच्यांनी पोरं पाठवली. वसंताला पोरगी, ती बारावीला. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी तो स्वतःच गेला.

नानाखेड्याच्या बस स्टँडमागे पत्र्याची मोठी शेड होती, तिथं वर्ग भरे. पहिले पंधरा दिवस वसंत शिकला कमी आणि चौकशी जास्त केली. समोरच्या चहावाल्याला विचारलं, ही पाटी कधीपासून आहे, आधी दुसऱ्या नावाची होती का. शिकवणारा विक्रांत सत्तावीस वर्षांचा, वडील बँकेच्या नोकरीत अकोल्याहून बदलून आलेले. त्याच्या डिप्लोम्याचा फोटो भिंतीवर होता, तो वसंतानं मोबाइलमध्ये काढून भाच्याला पाठवला, खरा आहे का बघ म्हणून. विक्रांतला हे कळलं. तो एवढंच म्हणाला, "काका, शंका घेता ते चांगलं आहे. पण इंजिनाची घ्या, ते खोटं बोलून राहिलं असतं. माझं काय एवढं."

तो शिष्याला काका म्हणे आणि शिष्य गुरूला सर म्हणे. दोघांनाही सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली. आणि एक सांगायला हवं, वसंत शिकला मात्र झकास. कानानं इंजिनाचा आवाज ओळखायचा. हायड्रोलिकचा पाइप कुठं झिजला ते हात फिरवून सांगायचा. पोरं मोबाइलवर असत तेव्हा हा मशिनीखाली आडवा पडलेला असे. संशयी माणसाला हे काम मानवतं, असं विक्रांतला वाटायला लागलं होतं.

शेवटची परीक्षा अशी की प्रत्येकाला साइटवरची एक मशीन सात दिवस सोपवायची. रोज सकाळी वहीतल्या अकरा गोष्टी तपासायच्या, खुणा करायच्या, आणि सात दिवस मशीन उभी राहता कामा नये. राहिली आणि चूक त्याची निघाली, तर नापास. पास झाला तर पुढच्या महिन्यापासून कंपनीत मेकॅनिक. वसंताला नेमकी त्याच्याच रानातली मशीन मिळाली. घर तिथून हाकेच्या अंतरावर. रजनीला वाटलं देवाची कृपा. वसंताला वाटलं, मुद्दाम दिली आहे, म्हणजे घरच्या घरी फसावं.

आणि त्यात बनेसिंग. हा शाजापूरकडचा ड्रायव्हर बारा वर्षं मशीन चालवत होता, साइटवरच पत्र्याच्या खोपटात राहायचा. डिझेल त्याच्याच ताब्यात. ड्रायव्हर डिझेल चोरतात आणि भर म्हणून पाणी घालतात, हे वसंतानं वर्गातल्या पोरांकडून ऐकलं होतं. टाकीच्या झाकणाचं कुलूप कुणीतरी कधीच हरवलेलं. एवढं पुरे होतं.

सोमवारी वसंतानं अकराच्या अकरा गोष्टी मनापासून तपासल्या. वहीत पहिलीच होती 'टाकीच्या तोंडातली जाळी काढून पाहिली.' टाकीच्या तोंडात हातभर खोल एक लोखंडी जाळी बसवलेली असते, डिझेलबरोबर आलेला कचरा तिच्यात अडकतो. ती त्यानं काढली, झटकली, बसवली. मंगळवारपासून मात्र त्या वेळेला तो डबे तपासण्यात गुंतलेला असे. बनेसिंग ओततो किती, ठेवतो किती, मागं वळून बघतो का. जाळीपुढं खूण तेवढी पडत राहिली.

गुरुवारी सकाळी फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत त्याला पाणी दिसलं. बोटभर. डिझेल वर, पाणी खाली, मधे स्वच्छ रेघ. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. चार दिवस जे मनात होतं ते काचेत दिसत होतं.

आता खरं तर विक्रांतला फोन करायचा. वहीतही तसंच छापलेलं होतं. पण वसंतानं वाटी सोडवून पाणी जमिनीवर ओतलं, भेगेनं ते पिऊन टाकलं, आणि तो गप्प बसला. आत्ता बोललो तर हा नाकबूल करील. मुद्देमालासकट धरायचा, असं त्यानं ठरवलं.

शुक्रवारी पुन्हा पाणी निघालं. दुपारी बनेसिंग जेवायला बसला तेव्हा वसंत त्याच्या खोपटात वाकून बघायला लागला. पाण्याचा ड्रम कुठं, डबे कुठं, ड्रमाजवळ ओल आहे का.

"क्या ढूँढ रहे हो?" बनेसिंगनं मागून विचारलं.

"काही नाही. माचिस."

"तुम तो बीड़ी पीते नहीं."

"बायकोला हवी होती. चुलीला."

बनेसिंगनं खिशातून माचिस काढून दिली. "गैस पे बनाती है भाभी," तो म्हणाला, आणि ताटाकडे परत गेला. वसंताला वाटलं, एवढं लक्ष ठेवून आहे म्हणजे पक्का चोर आहे.

शनिवारी दहाच्या सुमाराला मशीन खोकली. दोनदा हिसके दिले, सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडला आणि बकेट मातीनं भरलेली असताना तशीच हवेत धरून बंद पडली. एकदम एवढं शांत झालं की लांबच्या विहिरीवरची मोटर ऐकू यायला लागली.

कंपनीचे इंजिनियर तुषारसाहेब जीप घेऊन आले. मागोमाग नानाखेड्याहून विक्रांत मोटरसायकलवर आला, चेहऱ्याला रुमाल बांधलेला, भुवयांवर धूळ. उतरता उतरताच त्यानं त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, "शेवटचा हात कोणाचा?"

सगळ्यांनी वसंताकडे बघितलं. नाला बघायला आलेली गावातली चार माणसं होती, त्यांनीही बघितलं. रस्त्यात जमीन गेल्याचा राग आहे, बिघडवली असेल यानंच, असं त्यातलं एक जण हळूच बोललं आणि ते वसंताला ऐकू आलं.

"माझा नाही," वसंत म्हणाला. "डिझेलमध्ये पाणी आहे. गुरुवारपासून येऊन राहिलंय. डिझेल विकतो आणि पाणी भरतो हा माणूस."

विक्रांतनं वाटी सोडवली. पूर्ण वाटी पाणी होतं.

"गुरुवारपासून," विक्रांत म्हणाला. "आणि मला आज सांगताय, काका?"

"पुराव्याशिवाय कसं बोलायचं, सर?"

तुषारसाहेबांना पुरावा पुरला. नाल्याचा हा टप्पा सोमवारी पुरा व्हायचा होता आणि वरून फोनवर फोन येत होते. त्यांनी बनेसिंगला सामान उचलायला सांगितलं. बनेसिंग भांडला नाही. वसंताला वाटलं होतं आरडाओरडा करील, शपथा घेईल; त्याची सगळी उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. बनेसिंगनं सीटवरचं फडकं घडी घालून खांद्यावर टाकलं आणि खाली उतरला.

"बारह साल में किसीने मेरे डब्बे में उँगली डालके नहीं देखी," तो म्हणाला. "इसने रोज देखी. कुछ मिला क्या, इससे पूछो." मग वळकटी काखेत मारून तो शहरातल्या देवास गेटची बस थांबते त्या झाडाकडे चालायला लागला.

विक्रांत वसंताला म्हणाला, "टाकी रिकामी करा, जाळी धुवा. मी नवा फिल्टर घेऊन येतो, मग नळ्यांतली हवा काढू. दुपारपर्यंत चालू झाली तर तुमची परीक्षा पुढं चालू. पाणी दुसऱ्यानं घातलं असेल तर ती तुमची चूक नाही." आणि तो साहेबांच्या जीपमधून कंपनीच्या कॅम्पवर गेला. गावची माणसंही पांगली.

वसंत मशिनीवर चढला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. झाकण फिरवून काढलं, आत हात घातला आणि जाळी वर ओढली.

जाळीच्या तळाशी तुळशीची पानं होती. त्यानं ती एकेक करून तळहातावर मांडली. पाच निघाली. एक तेलानं भिजून काळं पडलेलं, दुसरं त्याहून थोडं बरं, असं करत शेवटचं अजून हिरवं. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. त्यानं ती पुन्हा मोजली. गरम लोखंडावर टेकलेला हात भाजत होता तरी त्यानं तो काढला नाही. या गावात पोकलेनला तुळस वाहणारं माणूस कोण असेल, हे शोधायला त्याला कुणाच्या खोपटात वाकायची गरज नव्हती.

बारा वाजता रजनी डबा घेऊन आली. डोक्यावर पदर, पायात त्याच्याच जुन्या चपला.

"मशीन का उभी आहे हो?"

"रजनी, तू हिच्या टाकीत काही घातलंस?"

तिचा चेहरा उजळला. त्याला कळलं म्हणून तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं. "सांगणार नव्हते मी. अमावस्येला रामघाटावरून कॅन भरून आणली होती ना, त्यातलं. रोज सकाळी आपल्या तुळशीला घालते, तसं हिलाही तांब्याभर. वर एक पान. तुम्ही म्हशीकडे असता तेव्हा."

"आणि बनेसिंग?"

"ते तेव्हा अंघोळीला गेलेले असतात."

"पण टाकीत का? बाहेरून शिंपडायचं."

"तुम्हीच तर सोमवारी सांगितलं. हे हिचं तोंड, इथून जे जाईल त्यावर ही चालणार, हिचं पोट ठीक तर मी पास. मग मी तोंडात घातलं. क्षिप्रेचं पाणी आहे, नळाचं नाही."

वसंत मशिनीच्या चाकांभोवतीच्या लोखंडी चेनीवर बसला. त्याला हसूही येईना आणि रागावताही येईना. ही बाई पाच दिवस उजाडता उजाडता साडी खोचून या लोखंडावर चढत होती, तो पास व्हावा म्हणून. त्यानं तिला सगळं सांगितलं. पाणी खाली बसतं, इंजिन ते ओढतं आणि मरतं. बनेसिंगला काढलं, तेही सांगितलं.

रजनीनं डबा खाली ठेवला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मग जाऊन सांगा साहेबांना. मी सांगते, चला."

"तुझं नाव सांगायला काही नाही. अजाणतेपणी केलंस, सगळे हसतील आणि सोडून देतील. माझं काय ते ऐक." त्यानं वही काढून तिच्यापुढं धरली. "जाळी रोज काढून बघायची होती. काढली असती तर मंगळवारीच पान दिसलं असतं. मी खुणा केल्यात, बघितली नाही. गुरुवारी पाणी दिसलं, तेही लपवलं. पान दाखवलं की वही खोटी ठरते. मी नापास."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तर दुपारी मशीन चालू होते, उद्याचा दिवस गेला की पास. कुणाला काही कळत नाही."

रजनीनं वही मिटून त्याच्या हातात दिली. वाऱ्यानं जळक्या खुंटांची राख उडत होती. "माझं वय बघायला देवासला गेला होतात," ती म्हणाली. "एक गाडीभाडं खर्चून. मी कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण आल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, की मी चुकीची शंका घेतली होती. त्या माणसाबद्दलही सांगा."

वसंताला या बाईचा त्या क्षणी फार राग आला, आणि ती बरोबर आहे हेही कळत होतं म्हणून जास्तच आला. त्यानं पानं पुन्हा जाळीत टाकली, जाळी हातात घेतली आणि बसच्या झाडाकडे चालायला लागला. डिझेल पायजम्यावर ठिबकत होतं.

बनेसिंग वळकटीवर बसला होता. "अब क्या चोरी गया?" त्यानं विचारलं.

वसंतानं जाळी पुढं केली. बनेसिंगनं आत बघितलं, एक पान चिमटीत धरून वास घेतला.

"किसने डाली?"

"घरवालीनं. पाण्यासकट. पूजा म्हणून. मी जाळी काढून बघितलीच नाही, तुझे डबे बघत राहिलो. बस सोड. माझ्याबरोबर चल, मी साहेबांना सांगतो."

"तुम जाके बोल दो. मैं यहीं बैठा हूँ."

"तुझ्यासमोर सांगितलं पाहिजे."

बनेसिंगनं त्याच्याकडे निरखून बघितलं. हाही काही डाव आहे का, असं तो बघत होता, आणि वसंताला तो बघण्याचा प्रकार चांगला ओळखीचा होता. बस आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. मग बनेसिंग उठला.

कॅम्पच्या टेबलावर वसंतानं जाळी ठेवली आणि शेजारी वही ठेवली. जे होतं ते सांगितलं, रजनीचं आणि स्वतःचंही. तुषारसाहेब आधी हसले, मग वही बघून त्यांचं हसू गेलं.

"काका," विक्रांत म्हणाला, "या पाच खुणा खोट्या आहेत?"

"हो."

"गुरुवारचं पाणीही लिहिलं नाहीत."

"नाही लिहिलं."

विक्रांतनं पेन काढून त्या आठवड्यावर आडवी रेघ मारली. हात जड होता त्याचा; सगळ्या वर्गात हाच एक माणूस त्याला मेकॅनिक वाटला होता. "परीक्षा संपली तुमची," तो म्हणाला.

"असा माणूस नकोच," तुषारसाहेब म्हणाले. "खोट्या खुणा करतो, वर दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो."

"साहेब, परीक्षा पुन्हा घेता येते. नियमात आहे. पण मशिनीचा ड्रायव्हर तयार पाहिजे," विक्रांत म्हणाला.

सगळ्यांनी बनेसिंगकडे बघितलं. तो दाराशी उभा होता, वळकटी अजून काखेत. त्यानं घाई केली नाही. वसंत खाली बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसऱ्यानं आपल्याबद्दल काय ठरवलं आहे याचा अंदाज येत नव्हता.

"इंजन की आवाज समझता है ये," बनेसिंग म्हणाला. "रख लो. पर बही पे निशान ये नहीं करेगा. मैं करूँगा."

संध्याकाळपर्यंत वसंतानं टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला, एकेक नळी सैल करून हवा काढली. बकेटमधली माती सकाळपासून तशीच होती. मशीन चालू झाली तेव्हा बनेसिंगनं ती खाली रिकामी केली आणि पुढचा घास घेतला. रजनीनं विक्रांतला विचारलं, मग पाणी कुठं घालायचं. तो म्हणाला, "काकू, चेनीवर घाला. चेनीला काही होत नाही." तेव्हापासून ती चेनीवर घालते.

सोमवारी सकाळी सात वाजता परीक्षा पुन्हा सुरू झाली. वसंत मशिनीवर चढला, झाकण काढलं, जाळी वर ओढून उन्हात धरली. खाली बनेसिंग उभा होता, एका हातात वही, कानावर पेन.

"दिखाओ," तो म्हणाला.

वसंतानं वाकून जाळी त्याच्या डोळ्यांपुढं धरली. बनेसिंगनं आत बघितलं, मग तळाशी बोट फिरवून ते बोट उन्हात धरलं. कानावरचं पेन त्यानं अजून काढलं नव्हतं.

"फिर से," तो म्हणाला.

वसंतानं जाळी फडक्यानं पुसली आणि पुन्हा दाखवली.